उघडा शिंपी आणि पौषाची थंडी

फार पूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक शिंपी राहत होता. साऱ्या गावाचे कपडे तो शिवायचा आणि स्वतःच्या अंगावर मात्र चिंधीसुद्धा घालायचा नाही.

हसू आलं ना? गावालाही आधी हसूच आलं होतं. मग राग आला, मग काळजी वाटली, आणि शेवटी सवय झाली. गावाचं असंच असतं.

त्याचं झालं असं. एका वैशाखात शिंपी ओढ्यावर आंघोळ करून खडकावर अंग वाळवत बसला होता. तेवढ्यात डोंगरावरून वारा सुटला. पाठीवरून, पोटावरून, खांद्यांवरून तो असा काही फिरला, की शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा जन्म दुसऱ्यांच्या अंगावर कापड चढवण्यात गेला होता. आपल्या अंगाला वारा कसा लागतो हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. तो मनाशी म्हणाला, "हे कातडं देवाने किती नेमकं बेतलंय! कुठे घट्ट नाही, कुठे ढगळ नाही. यावर आणखी कापड कशाला?" त्याने वाळत घातलेलं धोतर उचललं, नीट घडी घातली आणि घरी जाऊन पेटीत ठेवून दिलं. ते पुन्हा बाहेर निघालं नाही.

हे काही त्याने पुण्यासाठी केलं नव्हतं, की कुणावर रुसून केलं नव्हतं. त्याला तसं बरं वाटत होतं, एवढंच.

गावात मोठा गलका झाला. प्रकरण पाटलीणबाईंकडे गेलं, कारण पाटील वारल्यापासून गावाचा निवाडा त्याच करत. बाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "कातडं त्याचं, वारा देवाचा. आपलं काय जातंय? पण लेकीसुना आहेत गावात. त्याने ओढ्यापलीकडच्या झोपडीत राहावं, आणि अलीकडे यायच्या आधी वर्दी द्यावी."

तेव्हापासून शिंपी गायीच्या गळ्यातली घंटा हातात घेऊन फिरू लागला. ओढ्याच्या मधोमध एक मोठा सपाट दगड होता. लोक त्यावर कापड ठेवायचे आणि सोबत मापाची दोरी. प्रत्येक घराची अशी गाठी मारलेली दोरी होती. शिंपी घंटा वाजवत यायचा, की दगडापाशी उभी असलेली माणसं वळून पाठमोरी व्हायची आणि तशीच गप्पा मारायची. पोरांच्या मुंजी, सुनांची बाळंतपणं, म्हशींची दुखणी, सगळं बोलणं पाठमोरं. नवखा माणूस बघून चक्रावायचा. गावाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. शिंप्याचा टाका असा बारीक आणि सरळ, की त्यासाठी पाठ फिरवायला कुणाचीच ना नव्हती.

आता तुम्ही विचाराल, मग हिवाळ्यात तो काय करायचा?

हिवाळ्याचंही त्याने आपलं एक तंत्र बसवलं होतं. सकाळी उन्हाचा पहिला कवडसा ज्या खडकावर पडे, तिथे तो आधीच जाऊन बसे. ऊन सरकेल तसा तोही झोपडीभोवती सरकत राही, मांडीवर शिवण घेऊन. अंगाला कोमट तिळाचं तेल चोळे. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी आणि गूळ खाई. झोपताना भाताच्या पेंढ्यात गळ्यापर्यंत शिरून पडे. पायथ्याची थंडी तशी बेताचीच असायची, त्यामुळे त्याचं निभून जाई.

पहिल्याच हिवाळ्यात कुणीतरी पाठमोरं उभं राहून त्याला विचारलं होतं, "काय हो, थंडी नाही वाजत तुम्हाला?" तेव्हा दुपारचं छान ऊन पडलं होतं. पोटात गरम भाकरी होती. शिंपी मजेत म्हणाला, "थंडी अंगाला वाजत नाही बाबा. ती मनाला वाजते."

झालं! हे वाक्य गावाला इतकं आवडलं, की विचारू नका. आया पोरांना पहाटे आंघोळीला उठवताना ते ऐकवू लागल्या. कीर्तनात ते आलं. शेजारच्या गावांतले लोक त्याला बघायला येऊ लागले. म्हणजे ओढ्याकाठी यायचे, घंटा वाजली की पाठ फिरवायचे आणि न बघताच धन्य होऊन परत जायचे. "केवढं मन मारलंय माणसाने!" म्हणायचे.

शिंप्याने मन वगैरे काही मारलं नव्हतं. पण कौतुक कुणाला नको असतं? त्याला ते गोड लागलं. आणि इथेच त्याची चूक झाली. त्याने कपडे सोडले होते, ते आवडीने. थंडी न वाजण्याचा नेम त्याने कधी धरलाच नव्हता. तो लोकांच्या कौतुकाने त्याच्या गळ्यात घातला आणि त्याने तो काढून ठेवला नाही.

मग एका वर्षी पौषात अशी थंडी पडली, की म्हाताऱ्या माणसांनीही तशी बघितली नव्हती. हरभऱ्यावर हिंव पडून घाटे काळे झाले. घागरीतल्या पाण्यावर पापुद्रा धरू लागला. सूर्य दिवसभर धुक्यात, त्यामुळे खडकावर ऊन नाही. तेल कुपीत गोठून बसलं. पेंढासुद्धा ओलसर आणि गार.

शिंपी कुडकुडू लागला. पाय काळेनिळे पडले. पण करणार काय? ज्याला थंडी वाजतच नाही, त्याने शेकोटीपाशी कोणत्या तोंडाने बसायचं? भाकरीपुरता जाळ करायचा आणि भाकरी झाली की विझवायचा. छपरातून धूर जास्त वेळ निघाला, तर ओढ्यापलीकडे लोक म्हणतील, शिंपी शेकत बसलाय. धुराच्या भीतीने तो गारठून मरायला निघाला होता. माणसाचं डोकं कधीकधी असं चालतं.

गावात त्या दिवसांत कापड शिवून घ्यायची घाई. कुणाला जाड बंडी हवी, कुणाला अस्तराची टोपरी. शिंपी शिवत होता, पण त्याची बोटं वळेनात. सुईत दोरा ओवायला अर्धी सकाळ जायची.

दरवर्षी त्या सुमाराला एक म्हातारी धनगरीण आपला मेंढरांचा कळप घेऊन गावाच्या माळावर उतरायची. ओढ्याच्या दगडापाशी पाठ न फिरवणारं सगळ्या मुलखात एकच माणूस होतं, ते म्हणजे ही म्हातारी. म्हणायची, "कातरलेली मेंढरं रोज बघती मी. ह्येच्यात नवं काय हाय?"

तिने आपल्या म्हाताऱ्यासाठी बंडी शिवायला टाकली होती. बंडी हातात आली तशी तिने ती उलटीसुलटी करून बघितली आणि थेट शिंप्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, "ह्यो टाका तुजा न्हाय. वाकडा गेलाय. हात कापतोय व्हय रं तुजा?"

"छे छे, घाईत झालं आजी," शिंपी म्हणाला. बोलताना त्याचे दात एकमेकांवर आपटत होते.

"थंडी वाजती का तुला?"

मागे चार माणसं पाठमोरी उभी होती. त्यांचे कान इकडेच होते. शिंपी म्हणाला, "मला? मला नाही वाजत."

म्हातारीने खांद्यावरचं काळं घोंगडं काढलं, दगडावर ठेवलं आणि मेंढरांकडे निघून गेली.

ते घोंगडं दोन दिवस तिथेच पडून होतं. गावातलं कुणी त्याला हात लावेना, कारण ते शिंप्याला दिलेलं. शिंपी हात लावेना, कारण ते कापड. झोपडीच्या दारातून त्याला ते दिसायचं. जाडजूड, काळंभोर, नुसतं बघून अंगात ऊब यावी असं. त्याला रडू यायचं. घेतलं तर आपल्या आवडीचं जगणं संपलं. नाही घेतलं तर आपणच संपलो. तिसरं काही त्याला सुचेना, कारण तिसऱ्याच्या वाटेवर त्याचं ते थंडीचं वाक्य आडवं पडलेलं होतं.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर, ओढ्याकाठून हाक आली, "शिंपीदादा, हायसा का?"

जोंधळ्याच्या शेतावर राखण करणारा राखणदार आला होता. धडधाकट गडी, पण त्या दिवशी अंगावर नुसतं एक विरलेलं पटकूर. शिंपी घंटा वाजवत दगडापाशी गेला. राखणदाराने रीतीप्रमाणे पाठ फिरवली.

"काय शिवायचं आहे?" शिंप्याने विचारलं.

"शिवायचं न्हाई दादा. शिकायचंय." राखणदार जरा लाजला. "परवा बायको बाळंत झाली. पोरगी झाली. घरात एकच घोंगडं, ते मायलेकींवर घातलंय. शेतातल्या माळ्यावर, मचाणावर बसून राखण करतो, तर कालच्याला हातपायच हलंनात. वाटलं, गेलो आता. मग तुमचं बोलणं आठवलं. थंडी मनाला वाजती, अंगाला न्हाई. तवा म्हटलं, ज्यानं मन आवरलंय त्यालाच विचारावं. कसं करायचं ते सांगा. आज राती तसंच करीन म्हणतो."

शिंप्याने हातातली घंटा दगडावर ठेवली.

समोर राखणदाराची पाठ होती. पटकुरातून हाडं दिसत होती आणि ती पाठ थरथरत होती. शिंप्याला वाटलं, सांगावं काहीतरी. श्वास धर म्हणावं, देवाचं नाव घे म्हणावं. बोलायला काय लागतं? गडी समाधानाने जाईल. आपलं नाव राहील. आणि उद्या सकाळी त्या माळ्यावर जोंधळ्याची कणसं हलत असतील आणि राखणदार हलत नसेल. मग त्या परवा जन्मलेल्या पोरीला मोठेपणी कुणी सांगेल, की तुझा बाप एका शहाण्या माणसाचं वाक्य ऐकून मेला.

"राखणदारा," शिंपी म्हणाला, "मला थंडी वाजते."

"आँ?"

"वाजते रे बाबा! हाडापर्यंत वाजते. काल तर दातखीळ बसली होती. हे बघ माझे पाय." आणि पाठमोरा माणूस बघणार कसा, हेही त्या भरात तो विसरला. "मनाचंबिनाचं सगळं खोटं. उन्हात बसून बोललो होतो ते मी. असल्या गारठ्यात एक दिवस जरी काढला असता, तर तसं बोललो असतो का? तू उघड्यावर बसू नकोस. तुझ्या गळ्याची शपथ, बसू नकोस."

राखणदार रीत विसरून गर्रकन वळला. शिंप्याचे निळे ओठ त्याने पहिल्यांदाच बघितले.

शिंप्याने दगडावरचं घोंगडं उचललं. दोन दिवस ज्याला हात लावला नव्हता ते त्याने राखणदाराच्या खांद्यावर घातलं आणि पुढून नीट ओढून दिलं, शिंप्याच्या हाताने, कुठे फट राहू न देता. "हे धनगरीणआजीचं आहे. तिने मला दिलं होतं. माझ्या उपयोगाचं नाही, तुझ्या आहे. जा, माळ्याखाली शेकोटी पेटव. आणि कुणी विचारलंच तर खुशाल सांग, शिंप्याला थंडी वाजते म्हणून."

राखणदार गेला. शिंपी झोपडीत येऊन पेंढ्यात बसला. अंग तसंच कुडकुडत होतं, पण छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. आता गाव हसेल, तो मनाशी म्हणाला. हसू दे. निदान हसायला राखणदार जिवंत असेल.

माळावरून जाताना राखणदार धनगरिणीला भेटला. आपलं घोंगडं त्याच्या अंगावर बघून म्हातारीने त्याला थांबवलं. त्याने सगळं सांगितलं. म्हातारी तडक पाटलीणबाईंच्या दारात गेली. आणि दिवस मावळायच्या आत ओढ्यावर एकच गलबला उठला.

शिंपी घाबरून दारात आला. बघतो तर समोरून मेंढरं येत होती. पाच-दहा नाहीत, अख्खा कळप, बें बें करत, ओढ्याचं पाणी उडवत. मागे काठी घेऊन म्हातारी. तिच्या मागे पाटलीणबाई उलट्या पावलांनी चालत येत होत्या, पाठ शिंप्याकडे आणि हातात निखाऱ्यांनी भरलेली शेगडी. एका सुनेने त्यांचा दंड धरला होता, नाहीतर बाई शेगडीसकट ओढ्यात गेल्या असत्या.

"आजी, हे काय?" शिंपी ओरडला.

"बाजूला हो दारातनं," म्हातारी म्हणाली. "शेतात मेंढरं बसवत्यात, खतासाठी. आज तुज्या घरात बसवायची हायती."

"घरात?"

"मग? लोकर अंगावर नको म्हनतोस ना? नको घेऊस. मेंढरासकट घे! ज्येची त्येच्याच अंगावर ऱ्हाईल, तुजा नेम बी मोडायचा न्हाई."

शिंप्याला हसावं की रडावं कळेना. मेंढरं मात्र कशाची वाट बघत नव्हती. ती एकमेकांना ढकलत झोपडीत शिरली, पेंढा तुडवून त्याची गादी केली आणि फतकल मारून बसली. एका मेंढीने शिंप्याच्या पोटरीला अंग लावलं. ती ऊब लागताच तो तिथेच खाली बसला.

पाटलीणबाईंनी मागच्या मागे हात करून शेगडी उंबऱ्याशी ठेवली. त्या रागावल्या होत्या, आणि रागात माया होती. "तुझ्या उघडं राहण्याला या गावाने कधी ना म्हटलं नाही. मग शेकायला ना कुणी म्हटलं होतं रे?"

"कुणीच नाही बाई," शिंपी म्हणाला. "माझं मीच म्हटलं."

"मोठा शहाणा! उद्यापासून सकाळी आणि दिवेलागणीला तुझ्या आवारात शेकोटी पेटेल. लाकडं गावाची. बाया येतील तेव्हा आमची तोंडं पलीकडे असतील, पण पाठी शेकायच्याच आहेत की आम्हाला!"

शिंपी मेंढरांमध्ये आडवा झाला. चारी बाजूंनी लोकर, लोकरीखाली ऊब, उबेखाली संथ चालणारे श्वास. वास येत होता, हे खरं; फार येत होता. पण कित्येक दिवसांनी त्याचे दात वाजायचे थांबले आणि तो लहान मुलासारखा झोपी गेला.

सकाळी धनगरीण मेंढरं न्यायला आली, तेव्हा शिंपी जागा होता. काखेत एक कोकरू झोपलं होतं आणि त्याला जाग येऊ नये म्हणून तो हात हलवत नव्हता. म्हातारीला बघून त्याचा बांध फुटला.

"आजी, तुम्ही मला वाचवलंत. मी तुमच्याशी खोटं बोललो, तुमचं घोंगडं दोन दिवस दवात पडू दिलं, आणि तुम्ही तुमचा कळप माझ्या घरात आणून बसवलात. हे उपकार मी कसे फेडू?"

म्हातारी उंबऱ्यावर बसली. चंचीतून पान काढलं, पण ते तोंडात न घालता हातातच धरलं.

"ऐक बाबा. माज्या म्हाताऱ्याच्या अंगावर तुजी बंडी. नातवाच्या डोक्यावर तुजं टोपरं. ह्या गावात ऊब म्हनून जी हाय, तिच्यात तुजा टाका हाय. आन् तू तिकडं उघडा. द्यायला जावं, तर म्हनायचास, मला काय नको, मला वाजतच न्हाई. आमी तुजी बंडी अंगात घालून शेकोटीला बसायचो, पर ती ऊब लागायची न्हाई रं. चोरीची वाटायची." तिने हातातलं पान उलटंसुलटं केलं. "काल राती म्हातारा झोपताना म्हनला, आज बंडी लई गरम लागती. तवा तू आमचं फेडायचं म्हनू नगंस. तू घेतलंस, म्हनून आमची रात सुखाची गेली."

शिंप्याने कोकरू अलगद खाली ठेवलं आणि तिच्या पायांवर डोकं टेकलं. मग तो उठला आणि एकेका मेंढरापुढे जाऊन हात जोडू लागला. मेंढरं रवंथ करत होती. म्हातारी हसून हसून पडायच्या बेताला आली, "आरं, बास की! तो बोकड हाय, तो भिताडाला तोंड करून एकटाच झोपला हुता!" तरी शिंप्याने बोकडालाही हात जोडले. आज जगात कुणाचंच ऋण नाकारायचं नाही, असं त्याला वाटत होतं.

बाहेर आवारात शेकोटी पेटली होती. राखणदार सगळ्यांच्या आधी येऊन जाळाकडे पाठ करून बसला होता, आणि त्याच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली चार दिवसांची पोरगी होती. शिंपी आला तसा तो न वळता थोडा बाजूला सरकला आणि शेजारची जागा हाताने झाडून म्हणाला, "बसा दादा. इथं ऊब चांगली लागती."

आणि शिंपी बसला.

तात्पर्य: अंगावर काय घालायचं, काय नाही, हे ज्याने त्याने खुशाल ठरवावं, पण थंडी वाजत असेल तर 'वाजते' म्हणावं. ज्यांना आपण काही देतो, त्यांच्याकडून मायेची ऊब घेणं हाही त्यांचा मान राखणंच आहे.